ऐतिहासिक सिनेमे आणि युद्धपट: कोणते बघावेत, कसे बघावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी मोठा टीव्ही घेतला की आठवड्याभरात विचारणा होते, ‘एखादा दणदणीत लढाईचा सिनेमा सांग ना.’ मग त्यामागून ठरलेले बाकीचे प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. आवडीनिवडी माझ्या आहेत. भांडायला पूर्ण मुभा आहे.

एकच सांगा. सुरुवात कुठून करू?

‘सेव्हन सामुराय’. १९५४ सालचा, अकिरा कुरोसावाचा, जपानी भाषेतला, कृष्णधवल आणि तीन तास सत्तावीस मिनिटांचा. एवढं ऐकून निम्मे लोक पळतात. पळू नका. गोष्ट आपल्या ओळखीची आहे: पीक तयार झालं की दरोडेखोर येतात, म्हणून गावकरी स्वतः हलकंसलकं धान्य खाऊन भाताच्या मोबदल्यात सात लढवय्ये आणतात. ‘शोले’ची मुळं थेट इथवर जातात.

लढाई मात्र ‘शोले’सारखी नाही. सामुरायांचा म्होरक्या कांबेई आधी नकाशा घेऊन सगळं गाव पायी फिरतो. एका बाजूला रान, एका बाजूला शेतं, तिथे पाणी सोडता येईल. ओढ्यापलीकडची तीन घरं वाचवता येणार नाहीत, ती सोडून द्यायची. एक वाट तो मुद्दाम उघडी ठेवतो, म्हणजे एकेक दोन-दोन घोडेस्वार आत घेऊन मागून वाट बंद करता येईल. दरोडेखोर चाळीस. कागदावर तेवढे गोल काढलेले, आणि एकेक पडला की एकेका गोलावर काट. शेवटची झुंज धो धो पावसात आणि चिखलात होते, तरी कोण कुठे आहे आणि अजून किती उरलेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. भीती त्या ठाऊक असण्यातूनच येते. आणखी एक गोष्ट बघा: मरणारे सामुराय कुणाच्याही तलवारीने मरत नाहीत, सगळे बंदुकीच्या गोळीने मरतात. एका युगाचा शेवट कुरोसावा एकही भाषण न देता सांगून जातो.

चांगला युद्धपट तुम्ही कशावरून ठरवता?

भूगोलावरून. शत्रू कुठून येणार, मध्ये नदी आहे की कडा, पाणी कुणाच्या ताब्यात आहे, निरोप पोचायला किती वेळ लागणार, हे प्रेक्षकाला कळलं तर लढाई कळते. नाही कळलं तर उरते ती नुसती तलवारींची खणखण आणि पार्श्वसंगीत. अभिनय, संवाद, पोशाख वगैरे सगळं त्यानंतर.

याचं उलट उदाहरण म्हणजे ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५). पाच ऑस्कर मिळालेला, मेल गिब्सनचा, अनेकांचा लाडका. यात स्टर्लिंगची लढाई आहे. ११ सप्टेंबर १२९७ रोजी स्कॉटिश सैन्याने ती जिंकली, कारण इंग्रज फौजेला एका अरुंद लाकडी पुलावरून यावं लागत होतं. निम्मीअर्धी फौज अलीकडे येऊ द्यायची आणि मग तुटून पडायचं, ही सगळी युक्ती. सिनेमात तो पूलच नाही! सपाट माळावर दोन सैन्यं एकमेकांवर धावतात. बघायला जोरदार वाटतं, पण थोडे लोक जास्तांवर कसे भारी पडले हे काही कळत नाही. शौर्य दाखवायच्या नादात शहाणपण पडद्याआड गेलं.

मराठेशाहीवरचे कोणते सिनेमे बघू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर दिल्यावर सगळ्यात जास्त लोक रागावतात.

आधी जुन्याबद्दल. शिवकाल हा मराठी सिनेमाचा पहिल्यापासूनचा विषय आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, मूकपट. ‘प्रभात’चा ‘उदयकाल’ १९३० चा; त्याचं आधीचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’ होतं, पण ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रजी सेन्सॉरला झेपला नाही. शिवाजी महाराजांची भूमिका खुद्द व्ही. शांताराम यांनी केली होती. त्यानंतर भालजी पेंढारकर. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरातला त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि त्या राखेतून उठून त्यांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ पुरा केला. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) आणि ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) हेही भालजींचेच. या दोन्हींचं संगीत ‘आनंदघन’ यांचं, म्हणजे लता मंगेशकरांचं. आज बघताना दाढीमिशा चिकटवलेल्या दिसतात, लढाया तोकड्या वाटतात. पण घोड्यावर बसलेला माणूस घोड्यावर बसायची सवय असल्यासारखा बसतो आणि बोलणारा माणूस माणसासारखं बोलतो. हे आता दुर्मीळ झालंय.

अलीकडच्यांत दिग्पाल लांजेकरांची मालिका आहे: ‘फर्जंद’ (२०१८), ‘फत्तेशिकस्त’ (२०१९), ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ (दोन्ही २०२२), ‘सुभेदार’ (२०२३). त्यांत ‘फर्जंद’ मला सगळ्यात जवळचा. पैसा कमी होता हे प्रत्येक चौकटीत दिसतं, पण १६७३ साली कोंडाजी फर्जंदने साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला ती गोष्ट मुळातच बेताच्या बजेटात बसणारी आहे: थोडी माणसं, रात्र, आणि ठरलेला बेत.

‘पावनखिंड’ थिएटरात बघताना आजूबाजूचे लोक रडत होते, माझाही घसा दाटला होता. तरी तक्रार आहेच. १३ जुलै १६६० च्या त्या प्रसंगात खरा थरार अंतराचा आहे. सिद्दी जौहरचा वेढा फोडून रात्री पन्हाळ्यावरून निघायचं, मसाई पठार, आषाढाचा पाऊस, चिखल, खांद्यावर पालखी, मागे घोडदळ, आणि घोडखिंडीपर्यंत पन्नासेक किलोमीटर. दर पावसाळ्यात हजारो लोक ही वाट चालतात. ज्याने ती चालली आहे त्याला विचारा, खिंडीत पोचेपर्यंत पायांचं काय होतं. एवढं चालून आलेली माणसं तिथे उभी राहून लढली. अजय पुरकरांचा बाजीप्रभू ताकदीचा आहे, पण सिनेमाने ती वाट आणखी अर्धा तास आपल्याला चालायला लावली असती, तर खिंडीतल्या संथगती दृश्यांची गरजच पडली नसती.

हिंदीतला ‘तान्हाजी’ (२०२०) करमणूक म्हणून झकास आहे. सैफ अली खानचा उदयभान बघताना हसूही येतं आणि भीतीही वाटते. कोंढाण्याचा मात्र त्यात व्हिडिओ गेमचा किल्ला झालाय. ‘पानिपत’ (२०१९) बद्दल माझी हळहळ वेगळी आहे. १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे अडीच महिने मराठ्यांची छावणी अडकून पडली होती. अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मध्ये आला होता, रसद तुटली होती, सोबत यात्रेकरू आणि बायकामुलं होती. उपाशी छावणी हाच सिनेमा आहे. तो अजून कुणी केलेला नाही.

‘छावा’ कसा आहे?

विकी कौशलसाठी बघा. शेवटच्या भागाला लहान मुलं बरोबर नसतील तर बरं.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ फार संथ आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि तेच त्याचं बळ. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने तुर्कांशी लढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचा, डेव्हिड लीनचा हा १९६२ चा सिनेमा पावणेचार तासांच्या आसपास आहे. एक दृश्य सांगतो. वाळवंटात विहिरीपाशी दोन माणसं. क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका हलतो. तो ठिपका उंटावरचा स्वार आहे हे कळायला वेळ लागतो, मित्र की शत्रू हे कळायला आणखी वेळ लागतो, आणि लीन घाई करत नाही. ओमर शरीफची ही पडद्यावरची एन्ट्री. इतकं लांबचं माणूस दिसण्याजोगी सपाट जागा म्हणजे काय, हे पोटात उतरल्यावरच पुढचं अकाबा बंदराचं कळतं: तुर्कांच्या तोफा समुद्राकडे तोंड करून, कारण पाठीमागचं वाळवंट ओलांडून कुणी येईल हे त्यांच्या गावीही नाही.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक गंमत म्हणजे वाळवंटात मागे राहिलेला कासिम. तो आपला आय. एस. जोहर.

मोबाइलवर बघायचा विचार असेल तर राहू द्या. तो ठिपका दिसणारच नाही.

या सिनेमांतला इतिहास कितपत खरा मानायचा?

परीक्षेच्या पेपरात लिहू नका, एवढं पुरे.

थोडी उदाहरणं. ‘ग्लॅडिएटर’ (२०००) मधला रोमन सम्राट कोमोडस आखाड्यात मरतो. प्रत्यक्षात तो बापामागे बारा वर्षं राज्य करून १९२ साली मेला, नार्सिसस नावाच्या पैलवानाने त्याचा गळा आवळला. ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये नायक वॉलेसचं जिच्याशी सूत जुळतं ती राजकन्या इझाबेल त्या लढायांच्या वेळी दोन-तीन वर्षांची होती. खरा लॉरेन्स ठेंगणा, त्याची भूमिका करणारा पीटर ओ’टूल सहा फुटांहून उंच. ‘बॉर्डर’ (१९९७) मध्ये लोंगेवालाला आपली बरीच माणसं पडतात. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या त्या लढाईत आपले दोन जवान गेले. रात्रभर चौकी धरून ठेवण्याचं काम मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या सव्वाशेच्या आतबाहेरच्या तुकडीने केलं, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी रणगाड्यांचा चुराडा केला. वाळवंटात रात्री रणगाड्यांचे आवाज ऐकत पहाटेची वाट बघणं, हा त्यातला खरा कस. ‘बॉर्डर’ने तो थोडाफार पकडलाय, म्हणून गाणी आणि आरोळ्या धरूनही तो मला आवडतो.

तपशील बदलला म्हणून मी सिनेमा सोडत नाही. लढाई ज्या कारणाने जिंकली किंवा हरली ते कारणच बदललं, तर सोडतो.

‘किंगडम ऑफ हेवन’ बघितला, काही विशेष वाटला नाही.

कुठला बघितलात ते आधी तपासा. २००५ साली थिएटरात आला तो एकशे चव्वेचाळीस मिनिटांचा. दिग्दर्शक रिडली स्कॉटची स्वतःची आवृत्ती (डायरेक्टर्स कट) एकशे चौऱ्याण्णव मिनिटांची आहे आणि तो जवळजवळ वेगळाच सिनेमा आहे. जेरुसलेमची राणी सिबिला हिच्या मुलाचं अख्खं उपकथानक आधीच्यातून छाटलं होतं. त्यामुळे ती असं का वागते याचा पत्ताच लागत नव्हता. ११८७ साली हत्तीनच्या लढाईत ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची फौज पाण्यावाचून मेली, तलवारीचं काम त्यानंतरचं. स्कॉट लढाई फारशी दाखवत नाही. ती तहानलेली चाल दाखवतो आणि नंतरची गिधाडं. सलादिनच्या भूमिकेत सीरियाचे घसान मसूद. एवढ्या मोठ्या पाश्चात्य सिनेमात मुसलमान सुलतानाला इतकं भारदस्त स्थान क्वचितच मिळालंय.

लढाई न दाखवणारा युद्धपट असू शकतो का?

सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७). प्रेमचंदांची कथा, १८५६ चं लखनौ. कंपनी सरकार अवध गिळायला निघालंय आणि दोन नवाब, संजीवकुमार आणि सईद जाफरी, बुद्धिबळाचा पट मांडून बसलेत. घरात खेळू देत नाहीत म्हणून गावाबाहेर जाऊन खेळतात. एक गोळीही न झाडता राज्य जातं. अमजद खानचा वाजिद अली शाह ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्या लेखी तो माणूस अजून गब्बरच आहे. राज्य गेल्याचं दुःख इतक्या सभ्यपणे कुणी सोसलेलं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

दुसरा, पुन्हा कुरोसावाचाच, ‘कागेमुशा’ (१९८०). १५७५ सालच्या नागाशिनोच्या लढाईत ताकेदा घराण्याचं नावाजलेलं घोडदळ कुंपणाआडच्या बंदूकधाऱ्यांवर चालून जातं. कुरोसावा घोडे धावताना दाखवतो, गोळीबार ऐकवतो, आणि कॅमेरा वळवतो तो बघणाऱ्या सरदारांच्या चेहऱ्यांकडे. पडलेले घोडे नंतर, बऱ्याच वेळाने. पुढे ‘रान’ (१९८५) मध्ये त्याने याहून मोठी हिंमत केली. गढी जळतेय, माणसं कापली जाताहेत, आणि आवाज पूर्ण बंद. फक्त ताकेमित्सूचं संगीत. एक गोळी सुटते तेव्हा आवाज परत येतो. त्या वेळी कुरोसावा पंचाहत्तरीचा होता. गढी खरीखुरी बांधून जाळली होती, त्यामुळे दुसरा टेक नाहीच.

महायुद्धांवरचे शेकडो आहेत. त्यांतले निवडक सांगाल?

पहिल्या महायुद्धावरचा ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) आधी बघा. स्टॅन्ली कुब्रिकचा, दीड तासाच्या आत संपतो. फ्रेंच सेनापतींना एक टेकडी हवी आहे. ती मिळणं शक्य नाही हे खंदकातल्या प्रत्येकाला दिसतंय. हल्ला फसतो आणि भित्रेपणाचा ठपका ठेवून तीन शिपायांवर खटला भरला जातो. खंदकातून चालणारा कॅमेरा आणि सेनापतींच्या महालातली गुळगुळीत फरशी, या दोन जागांतलं अंतर हाच सिनेमा. फ्रान्समध्ये तो १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही.

‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’चा १९३० चा आणि २०२२ चा, दोन्ही बघण्यासारखे आहेत. मला जुना जास्त पटतो. १९३० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये तो लागला तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात उंदीर सोडले, घाण वासाच्या कुप्या फोडल्या, आणि थोड्याच दिवसांत जर्मनीत त्यावर बंदी आली. सिनेमा झोंबला होता याची याहून मोठी पावती नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा ‘दास बूट’ (१९८१) जर्मन पाणबुडीत घडतो. इथला भूगोल म्हणजे एक नळी. वर पाणी, बाजूला पाणी, आणि खोलीमापकाचा काटा. नाझी आरमारातल्या पोरांसाठी आपला जीव वरखाली होतो आणि ते आपल्याला नकोसंही वाटतं. नोलनचा ‘डंकर्क’ (२०१७) किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि हवेतला एक तास एकमेकांत विणतो. पहिल्यांदा बघताना गोंधळ उडाला तरी चालतं.

आणि एलेम क्लिमोव्हचा ‘कम अँड सी’ (१९८५). बेलारूस, १९४३. एक पोरगा हौसेने बंदूक घेऊन जंगलातल्या सैनिकांना मिळतो. सिनेमाच्या शेवटी लिहून येतं की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. त्यातलं एक गाव आपण तोवर पाहिलेलं असतं. जेवताना लावू नका. एकट्यानेही बघू नका.

शहरातल्या लढ्यावरचा एखादा?

‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६), दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्वो. फ्रेंचांविरुद्धच्या अल्जेरियाच्या लढ्यातला क्रांतिकारकांचा एक पुढारी, सादी यासेफ, यात स्वतःसारखीच भूमिका करतो. बातमीपटाचा एक फूटही वापरलेला नाही, तरी सगळं तिथल्या तिथे टिपल्यासारखं दिसतं. कसबा या जुन्या अरब वस्तीतल्या पायऱ्या, गल्ल्या, आणि युरोपीय वस्तीत जाताना लागणारी तपासणी नाकी, हे इतकं स्पष्ट आहे की सिनेमा संपल्यावर तुम्ही तिथे वाट चुकणार नाही. तीन बायका केस कापून, पोशाख बदलून टोपल्यांतून बॉम्ब घेऊन नाक्यावरून निघतात, ते दृश्य बघताना श्वास अडकतो, आणि बॉम्ब ठेवल्यावर कॅमेरा कॅफेत बसलेल्या माणसांकडे, आइस्क्रीम खाणाऱ्या पोराकडे बघतो. कुणाच्याही बाजूने आरामात बसता येत नाही. २००३ साली इराकचं प्रकरण तापलेलं असताना अमेरिकेच्या पेंटागॉनने हा आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला होता. त्यातून ते काय शिकले कोण जाणे.

हिंदीतले राहिले की!

चेतन आनंदचा ‘हकीकत’ (१९६४), १९६२ च्या माघारीवरचा, लडाखमध्ये चित्रित केलेला. हरलेल्या लढाईवर दोन वर्षांत सिनेमा काढायला छाती लागते. ‘लक्ष्य’ (२००४) चा पहिला अर्धा भाग कॉलेजच्या पोराचा आहे, दुसरा एका कड्याचा. कडा चढायचा कुठून हा प्रश्न त्यात नीट मांडलाय, म्हणून कारगिलवरच्या सिनेमांत मी तो वर ठेवतो. नाना पाटेकरांचा ‘प्रहार’ (१९९१) हा युद्धपट म्हणावा का यावर वाद होईल; सैनिकी प्रशिक्षणाचा भाग मात्र आजही कुणी इतका चांगला केलेला नाही. ‘सरदार उधम’ (२०२१) मधली जालियनवाला बागेनंतरची रात्र बघा. ‘मुघल-ए-आझम’बद्दल वेगळं काय सांगायचं? १९६० च्या ऑगस्टात तो मुंबईच्या मराठा मंदिरला लागला तेव्हाच्या रांगांच्या गोष्टी घरोघरी असतील.

महायुद्धांच्या सिनेमांत आपले सैनिक का दिसत नाहीत?

दाखवले नाहीत म्हणून. डंकर्कच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी सैन्याच्या खेचरांच्या तुकड्या होत्या. नोलनच्या सिनेमात त्या नाहीत. सॅम मेंडिसच्या ‘१९१७’ (२०१९) मध्ये ट्रकमध्ये एक शीख शिपाई बसलेला दिसतो, तर तिकडे त्यावरच वाद झाला.

मराठी माणसाने तर याबद्दल हक्काने कुरकुर करावी. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी ज्या सैन्याला वेढलं, त्या सैन्याचं नावच पूना डिव्हिजन होतं, आणि तीत मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. दाणागोटा संपला, घोडे मारून खायची वेळ आली, ते मांस बऱ्याच हिंदुस्थानी शिपायांनी धर्मापोटी नाकारलं, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. इटलीच्या मोहिमेवर हॉलिवूडने किती रीळ खर्च केलं ते बघा, आणि त्यात ही दोन नावं शोधा.

संगणकावर केलेलं सैन्य लगेच ओळखू येतं. खरी माणसं कुठे बघायला मिळतील?

सर्गेई बोंदार्चुककडे. त्याचा ‘वॉर अँड पीस’ चार भागांत, सात तासांचा. सोव्हिएत सैन्यच कामाला लावलेलं. पण सोपी सुरुवात हवी तर त्याचाच ‘वॉटर्लू’ (१९७०). सुमारे पंधरा हजार रशियन शिपाई गणवेशात उभे केले, टेकड्या सपाट केल्या, चिखल व्हावा म्हणून जमिनीत पाण्याचे पाइप टाकले. इंग्रज पायदळाने रचलेले चौकोन आणि त्यांच्याभोवती पुरासारखं फिरणारं फ्रेंच घोडदळ, हे उंचावरून टिपलेलं दृश्य एकदा पाहिलंत की पुढे संगणकी गर्दीकडे बघवत नाही. सिनेमा आपटला. पहिला तास जड आहे हेही कबूल.

अटेनबरोंच्या ‘गांधी’ (१९८२) मधल्या अंत्ययात्रेला तीन लाखांच्या आसपास माणसं होती. तो युद्धपट नाही, पण इथे आठवण काढायलाच हवी, कारण त्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळालं. भारताचं ते पहिलं.

या सगळ्यांत बायका कुठे आहेत?

‘लॉरेन्स’मध्ये एकाही बाईला संवाद नाही, यावरून ओळखा. त्यातल्या त्यात ‘रान’मधली काएदे, जिच्यापुढे सगळे तलवारबाज पोरकट वाटतात. आणि मिखाइल कालातोझोव्हचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ (१९५७), आघाडीवर गेलेल्याची वाट बघणाऱ्या वेरोनिकाचा. निरोपाच्या गर्दीत ती त्याला शोधत असते तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबर बसमधून उतरून गर्दीत घुसतो. युद्धपटांच्या यादीत हा बहुतेक जण घालत नाहीत. मी पहिल्या पाचात घालतो.

मुलांबरोबर कोणते बघता येतील?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३): जर्मन छावणीतून भुयार खणून पळणारे कैदी. शेवट गोड नाही हे आधी सांगून ठेवा. पळालेल्या शहात्तरांपैकी तिघेच सुटले. जहाजांची आवड असेल तर ‘मास्टर अँड कमांडर’ (२००३). ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८) ॲनिमेशन आहे म्हणून लहानांपुढे लावू नका. मोठ्यांनाही तो झेपत नाही.

डब केलेला बघू की सबटायटल वाचू?

सबटायटल. आजी-आजोबांना वाचवत नसेल तर शेजारी बसून सांगत बघा, कीर्तनासारखी मजा येते.

हे सगळं बघायला कुठे मिळेल?

आज एका ॲपवर असतं ते पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातं, म्हणून पत्ते देत नाही. चित्रपट महोत्सव, फिल्म क्लब आणि पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ यांवर नजर ठेवा. ‘लॉरेन्स’ किंवा ‘रान’ मोठ्या पडद्यावर लागला तर त्या दिवशीचं लग्न बुडवलं तरी हरकत नाही.

अजून न झालेला कुठला सिनेमा बघायला आवडेल?

असई. जालना जिल्ह्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. तरी आपली सर्वांत चांगली लढाई कुठली असं विचारल्यावर त्याने नाव घेतलं ते असईचं.

आणि ती लढाई म्हणजे निव्वळ भूगोल. मराठे केळणा नदीपलीकडे, त्याची फौज कितीतरी लहान, आणि वाटाडे सांगतात की नदी पार करायला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसतात. दोन गावं अशी वसली आहेत म्हणजे लोक इकडून तिकडे जात असणार, म्हणजे उतार असणारच, असा तर्क करून तो फौज तिकडे वळवतो, आणि उतार निघतो. आता मराठी फौज बगलेवरून मार खाणार असं त्याला वाटतं, तर शिंद्यांच्या कवायती पलटणी त्यांच्या जर्मन सेनानी पोलमनच्या हुकुमावर अख्खा मोर्चा फिरवून त्याच्या समोर उभ्या राहतात. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. मराठी तोफांनी त्याच्या फौजेची चाळण केली. तोफा काबीज झाल्या असं समजून गोरे पुढे गेले, तेव्हा मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा मागून डागल्या.

शेवटी आपण हरलो, म्हणून बहुधा निर्माता मिळणार नाही. पण कुणाला करायचाच असेल तर पहिलं दृश्य दुर्बिणीतून दिसणाऱ्या त्या दोन गावांचं ठेवा, आणि कॅमेरा हलवण्याआधी नदी कुठून कुठे वाहते ते नीट दिसू द्या.